झिजलेली नाणी व त्यांचे संग्रहमूल्य

दीर्घकाळच्या चलनामुळे व हाताळणीमुळे ज्यांवरील आकृती, चिन्हे व लेख अंशतः अथवा पूर्णतः पुसट झाले आहेत, अशा नाण्यांना सामान्यतः झिजलेली नाणी म्हणतात. बाजारात अशा नाण्यास बहुधा त्यातील धातूइतकीच किंमत येते. संग्रहातील त्याचे मूल्य मात्र वेगळ्या कसोट्यांवर ठरते. उरलेल्या खुणांवरून नाणे निश्चित ओळखता येते काय, ते कोठे व कोणत्या नाण्यांच्या सोबतीने मिळाले आणि त्याची झीज स्वतःच काही सांगते काय, हे ते तीन प्रश्न होत. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत उपेक्षित आहे. सुबक व ठसठशीत नाणी निवडून उरलेली वितळविण्याची प्रवृत्ती जुनी असून तिच्यामुळे नष्ट झालेला पुरावा परत मिळविण्याचा कोणताही मार्ग नाही. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील काही महत्त्वाचे निष्कर्ष दिसण्यात अगदी सामान्य, घासलेल्या व विरूप नाण्यांवरच आधारलेले आहेत.

सराफाच्या दृष्टीने झीज म्हणजे तूट. मोगल काळापासून चालू सालाच्या रुपयास पूर्ण किंमत व मागील सालांच्या रुपयांस बट्टा, असा व्यवहार रूढ होता. मराठी अमलात टाकसाळी अनेक असल्यामुळे हा व्यवहार अधिकच गुंतागुंतीचा झाला. पुण्याचा अंकुशी, नाशिकचा जरीपटका, चांदवडचा चांदोरी, कोकणात आंग्र्यांचा अलिबागी असे रुपये एकाच बाजारात फिरत आणि त्यांतील बहुतेकांवर मोगल बादशहाचेच नाव असे. कस, वजन व झीज पाहून सराफ बट्टा ठरवी आणि पारख करताना नाण्यावर लहानसा छेद किंवा ठसा मारी. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन (सु. ११·६६ ग्रॅ.) वजनाचा व अकरा-द्वादशांश कसाचा एकच रुपया आपल्या मुलखात चालू केला. झिजेची मर्यादाही पुढे कायद्यात आली. १९०६ च्या नाणेविषयक कायद्यान्वये ठराविक वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक घटलेला रुपया वैध चलन राहत नसे. ही घट म्हणजे सु. ०·२३ ग्रॅ. एवढीच भरते. यावरून सरकारी टाकसाळीची व सराफाची नजर एकाच गोष्टीवर होती, हे उघड होते. संग्राहकाने ही नजर वारशाने घेतली, पण तिचा हेतू त्याचा नव्हे. सराफाने मारलेला छेद आज नाण्याची बाजारातील किंमत उतरवितो, तथापि ते नाणे कोणत्या हातांतून गेले याची तीच एकमेव नोंद असते.

झीज व झिजेचा आभास : पुसट दिसणारे प्रत्येक नाणे झिजलेले असतेच असे नाही. मूल्यमापनातील बहुतेक चुका येथेच होतात. हाताने पाडलेल्या नाण्यांचा ठसा पुष्कळदा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे लेखाचा काही भाग नाण्यावर कधी उमटतच नसे. याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे शिवराई. छत्रपती शिवाजी महाराजांच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ असा लेख असून भोवती बिंदूंचे कडे असते. एखाद्या शिवराईवर ‘राजा’ ही अक्षरे खोल व धारदार असून ‘श्री’ मात्र अर्धीच असेल, तर ती झीज नव्हे. चकती ठशाखाली सरकल्याची ती खूण आहे. याउलट सर्व अक्षरे आहेत, पण त्यांच्या कडा गोल होऊन ती पृष्ठभागाच्या पातळीला येऊ लागली आहेत, असे नाणे खरोखर झिजलेले म्हणावे. घाव दुबळा बसल्याने आलेला पुसटपणा तिसऱ्या प्रकारचा. त्यात नाण्याचा एकच भाग सपाट राहतो आणि त्याच्या बरोबर मागच्या बाजूचा भागही तसाच सपाट असतो. हे पडताळून पाहण्यास नाणे उलटण्याखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

शिवराईच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. महाराजांनंतरही ही नाणी त्याच लेखाने दीर्घकाळ पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकातही ती लोकांच्या व्यवहारात होती. पुढे अनेक ठिकाणी, अनेक हातांनी ठसे कोरले गेले. त्यांत ‘शिव’चे ‘सिव’, ‘पति’चे ‘पती’ झाले आणि काही ठशांवर अक्षरे केवळ रेघोट्यांसारखी राहिली. उत्तरकालीन ‘दुदांडी’ शिवराईवर लेखाच्या ओळींमध्ये दुहेरी रेघ असते. अशी ओबडधोबड, पण न झिजलेली शिवराई पुष्कळांना अधिक जुनी वाटते, आणि वळणदार अक्षरांची, पण खूप वापरलेली आरंभीची शिवराई मात्र ‘खराब’ म्हणून बाजूला पडते. प्रस्तुत लेखकाच्या मते शिवराईच्या संग्रहात अक्षरांचे वळण, बिंदूंच्या कड्याची ठेवण व वजन यांना प्रथम स्थान द्यावे. एकंदर उठाव त्यांच्यानंतर पाहावा.

ठशांच्या ऱ्हासाचे याहून टोकाचे उदाहरण म्हणजे गधैया नाणी. इराणच्या सासानी राजांच्या, विशेषतः फिरूझ याच्या रुप्याच्या नाण्यांवरील राजाचा मुखवटा व अग्निवेदी यांची नक्कल पश्चिम भारतात शतकानुशतके होत राहिली. प्रत्येक नकलेगणिक आकृती मूळ रूपापासून दूर गेली. अखेरीस मुखवट्याच्या जागी काही रेषा व गोळे आणि अग्निवेदीच्या जागी ठिपक्यांची मांडणी एवढेच उरले. कोकणच्या शिलाहारांच्या प्रदेशातही ही नाणी चालत, आणि छित्तराज या शिलाहार राजाचे (अकरावे शतक) नाव असलेली गधैया धर्तीची नाणी उपलब्ध आहेत. टाकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले गधैया नाणेही अनभिज्ञास पार झिजलेले वाटेल. अशा नाण्याचे मूल्य ठरविताना त्याच मालिकेतील आधीची व नंतरची रूपे शेजारी ठेवून पाहावी लागतात.

झिजेचे मोजमाप : झीज हा नाण्याचा दोष न मानता तिचे मोजमाप करावे, ही कल्पना भारतात शास्त्रीय पातळीवर मांडली ती दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी. गोव्यात जन्मलेले व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे कोसंबी १९४० च्या सुमारास आहत नाण्यांकडे वळले. रुप्याच्या या नाण्यांवर एका बाजूस बहुधा पाच चिन्हे उमटविलेली असतात. राजाचे नाव किंवा काल मात्र नसतो. त्यांचे प्रमाण वजन ३२ रत्ती, म्हणजे सु. ३·४ ग्रॅ. मानतात. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये मिळालेल्या निधीत अशी हजाराहून अधिक नाणी होती. त्यांच्याबरोबरच अलेक्झांडरची दोन व फिलिप अरिडीअस याचे एक अशी जवळजवळ नवीकोरी ग्रीक नाणीही निघाल्यामुळे तो निधी इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला, हे समजले. परंतु आहत नाण्यांतील आधीची कोणती व नंतरची कोणती, हा प्रश्न राहिलाच.

कोसंबींचा युक्तिवाद सरळ होता. एकाच वजनाची पाडलेली नाणी चलनात सोडली, तर काळ जाईल तसे त्यांचे सरासरी वजन घटत जाते. त्याचबरोबर निरनिराळ्या नाण्यांच्या वजनांतील परस्परांमधला फरकही वाढत जातो, कारण काही नाणी हातोहात फिरतात व काही पेटीत पडून राहतात. आपल्या काळातील चालू नाणी मोठ्या संख्येने स्वतः तोलून त्यांनी हे पडताळून पाहिले आणि चलनाचा नाण्याच्या वजनावर होणारा परिणाम या विषयावर १९४२ मध्ये लेख प्रसिद्ध केला. तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान ठसे असतात. त्यांची संख्या वाढेल तसे सरासरी वजन उतरते, असे त्यांना आढळले. हे ठसे वेळोवेळी झालेल्या तपासणीचे होत आणि म्हणून ते नाण्याच्या वयाचे निदर्शक होत, असे त्यांचे मत होते. या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. आरंभीची वजने सर्वत्र सारखी काटेकोर नसत आणि साठविणारा माणूस जड नाणी निवडून ठेवतो, हे त्यांतील प्रमुख होत. तरीही एक गोष्ट तिने कायमची दाखवून दिली. झिजलेल्या नाण्यांचा मोठा गट एका चांगल्या नाण्यापेक्षा अधिक बोलका असतो. त्यासाठी प्रत्येक नाणे वेगळे तोललेले मात्र हवे. पुष्कळ जुन्या नोंदींत केवळ एकूण वजन दिलेले असते, ते या कामी निरुपयोगी होय.

जोगळटेंभीचा निधी : नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये रुप्याच्या सु. १३,२५० नाण्यांचा निधी सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. सर्व नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची असून प्रत्येकाचे वजन सु. २ ग्रॅ. आहे. दर्शनी बाजूवर राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरांतील लेख आणि मागील बाजूवर बाण व वज्र ही चिन्हे असून ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत नहपानाचे नाव आहे. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एका बाजूस त्याच्या नावासह त्रिकूट चैत्य व दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह असे या ठशाचे स्वरूप होय.

रूपाच्या दृष्टीने ही नाणी अनाकर्षक आहेत. मुखवट्याच्या गालावरच चैत्य उमटलेला, खालचा लेख तुटलेला, वरचा लेख अर्धवट. केवळ डोळ्यांना रुचेल असे नाणे शोधणारा संग्राहक न ठसलेल्या सु. चार हजार नाण्यांतूनच निवड करील. पण गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, हे नाशिकच्या लेण्यातील लेखात केवळ प्रशस्तीच्या स्वरूपात आले होते. त्याला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो या विरूप नाण्यांतून. जेत्याने जिताचे चलन गोळा करून त्यावर आपली मुद्रा उमटविली. ते सर्व वितळवून नव्याने पाडण्याएवढी सवड किंवा गरज त्याला नव्हती. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्याच लेखात सत्तर हजार कार्षापण म्हणजे ३५ च्या दराने दोन हजार सुवर्ण, असा हिशेब दिला आहे. एवढ्या प्रमाणावर रुपे व्यवहारात असलेल्या प्रदेशात चलन एकाएकी बाद करणे सोपे नव्हते, हे त्यावरून समजून येते.

याच निधीत स्कॉट यांना आणखी एक विशेष दिसला. नहपानाचे मुखवटे वयाने व चेहरेपट्टीने परस्परांपासून खूप भिन्न आहेत. काही तरुण, काही वृद्ध, काहींचे नाक सरळ, काहींचे बाकदार. एकाच नावाने त्या घराण्यातील अनेकांनी नाणी पाडली असावीत, असा तर्क त्यांनी केला. तो सर्वमान्य झाला नाही, तथापि तो करता आला याचे कारण हजारो नाणी, त्यांत झिजलेलीही, एकत्र पाहता आली हे होय. दहा उत्तम नमुने ठेवून बाकीचे वितळविले असते, तर प्रश्नच उपस्थित झाला नसता.

विदर्भातील तऱ्हाळा (सांप्रत वाशिम जिल्हा) येथील निधीची गोष्ट याच जातीची आहे. १९३९ मध्ये तेथे पोटिन या हिणकस मिश्रधातूची सु. १,६०० सातवाहन नाणी निघाली. ठसा मोठा व चकती लहान, त्यात धातू ठिसूळ, त्यामुळे एकाही नाण्यावर संपूर्ण लेख नाही. वा. वि. मिराशी यांनी एका नाण्यावरील आरंभीची अक्षरे दुसऱ्यावरील मधल्या व तिसऱ्यावरील शेवटच्या अक्षरांशी जुळवून लेख लावले. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे पुराणांच्या राजावलींत न आलेले राजे उजेडात आले. सुटे विकायला ठेवले असते, तर यांतील एकाही नाण्याला लक्षात येण्याजोगी किंमत आली नसती.

यंत्राने पाडलेली नाणी : १८३५ नंतरच्या यंत्रनिर्मित नाण्यांची स्थिती वेगळी आहे. ती सर्व मुळात एकसारखी असल्यामुळे उठावाच्या सर्वांत उंच जागा किती घासल्या यावरून त्यांची प्रतवारी लावता येते. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडलेली एक ते सत्तर अंशांची श्रेणी आज व्यापारात सर्वत्र वापरतात. व्हिक्टोरियाच्या रुपयाला ती बऱ्यापैकी लागू पडते. गधैया नाण्याला वा शिवराईला ती लावणे मात्र व्यर्थ आहे.

तथापि येथेही केवळ श्रेणी पुरेशी नाही. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयावरील साल पुढील दशकभर बदललेच नाही. मुंबईच्या टाकसाळीने प्रत्यक्ष वर्ष दर्शविण्यासाठी मागील बाजूवर लहान बिंदू घालण्याची युक्ती योजिली. त्यामुळे चेहरा पार सपाट झालेल्या, पण बिंदू मोजता येणाऱ्या रुपयाचे मूल्य चेहरा सुंदर असूनही बिंदू बुजलेल्या रुपयापेक्षा अधिक ठरू शकते. १९११ च्या पंचम जॉर्ज यांच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, तेव्हा तो परत घेऊन त्यातील बहुतेक नाणी वितळविण्यात आली आणि पुढील वर्षीपासून हत्तीची आकृती सुधारण्यात आली. झिजलेल्या नाण्यावर हा हत्ती दिसत नाही, परंतु साल वाचता आले की काम भागते. प्रमाण रुपयात सु. १०·७ ग्रॅ. शुद्ध रुपे असते, त्यामुळे चांदीचा भाव चढला की सामान्य सालांचे झिजलेले रुपये मुशीत जातात. बिंदू व साल पाहण्याचे काम त्याआधी व्हायला हवे.

प्राप्तिस्थान व हाताळणी : झिजलेल्या नाण्याचे निम्मे मूल्य त्याच्या प्राप्तिस्थानात असते. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावरील सानपाडा परिसराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मुळात खाडीकाठचे गाव असलेला हा भाग १९७० नंतर नवी मुंबईत आला आणि मूळच्या आगरी-कोळी वस्तीशेजारी घाटावरून व कोकणातून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. अशा वसाहतीत एखाद्याच्या डब्यात देवघरातली शिवराई, कंपनीचा पाव आणा व ओळख न पटणारे एखादे रुप्याचे बारीक नाणे एकत्र सापडले, तर ते तेथलेच असेल असे धरता येत नाही. साताऱ्याकडून आलेली शिवराई आणि खाडीकाठी निघालेली शिवराई ही इतिहासाच्या दृष्टीने दोन वेगळी नाणी होत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ‘हे कोणाकडून, कोणत्या गावाहून आले’ एवढे एका चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबत ठेवले, तरी त्याचे संग्रहमूल्य वाढते.

खाडीपलीकडील साष्टी व मुंबई या बेटांवर कृष्णराजाची रुप्याची छोटी नाणी पूर्वी मिळालेली आहेत. हा कलचुरी राजा इ. स. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. पण नाशिकजवळच्या अंजनेरी येथील भोगशक्तीच्या ताम्रपटांत (इ. स. ७१० च्या सुमाराचे) कृष्णराज-रूपकांचा दंडाच्या व देणग्यांच्या संदर्भात उल्लेख येतो. म्हणजे राजानंतर शतक-दीड शतक त्याचे नाणे चालत होते. त्याचे अगदी घासलेले, मुखवटा नाहीसा झालेले नमुने हा त्या दीर्घ चलनाचाच दाखला होय. असे नाणे टाकून देणे म्हणजे ताम्रपटातील विधानाचा साक्षीदार टाकून देणे.

नाण्याचे सर्वाधिक नुकसान चलनाने होत नाही, ते स्वच्छतेच्या हौसेने होते. देवघरातील शिवराई पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने व राखेने घासून ‘श्री’सुद्धा उरू नये, हे घरोघर पाहावयास मिळते. त्यामागील श्रद्धेला कोणी नावे ठेवू नयेत. निदान विकत घेतलेल्या नाण्यांना तरी हा उपचार करू नये. तांब्यावरील घट्ट तपकिरी वा हिरवा थर धातूचे रक्षण करतो आणि पुष्कळदा अक्षरांचा आकार त्या थरातच टिकून असतो. तो खरवडला की अक्षरही जाते. भुसभुशीत, फिकट हिरवी पूड सुटत असेल तर मात्र ती क्लोराइडजन्य गंजाची खूण होय. असे नाणे कोरड्या जागी इतरांपासून वेगळे ठेवून जाणकाराकडे न्यावे. आम्लात बुडविलेल्या नाण्याचे वजन घटते, आणि मग चलनातील झीज किती व आम्लाने खाल्ले किती, हे सांगता येत नाही. पुसट लेख वाचण्यास रसायनापेक्षा तिरपा प्रकाश बरा. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा नाण्याच्या पातळीजवळ धरून नाणे सावकाश फिरविल्यास सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर अक्षरांच्या सावल्या उमटतात.

भोक पाडलेली किंवा कडी जोडलेली नाणी व्यापारी जवळजवळ बाद समजतात. दागिन्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्यास ती महत्त्वाची वाटतात, कारण महाराष्ट्रातील पुतळ्यांच्या माळेची परंपरा नाण्यांतूनच निघाली आहे. मुख्य लेख शाबूत असल्यास अशा नाण्यास संग्रहात वेगळा कप्पा द्यावा.

झिजेचे सोंगही आणता येते. राम, हनुमान इ. देवतांची चित्रे व १८१८ यांसारखी साले असलेले तांब्याचे वा पितळेचे ‘आणे’ सर्वत्र विकले जातात. ती कंपनीच्या टाकसाळीची नाणी नव्हत, अलीकडे बाजारासाठी बनविलेली चिन्हे आहेत. ‘तांदूळ ओढणारे’ म्हणून लाखोंनी किंमत सांगितले जाणारे नाणे ही तर सरळ फसवणूक. बनावट शिवरायांत अक्षरे फार ठळक असून खोलगट भागही सारखाच गुळगुळीत असतो. खऱ्या चलनात उंच जागा आधी झिजतात व खोलगट जागी जुना थर टिकून राहतो, हा भेद भिंगातून सहज दिसतो. शिवाजी महाराजांच्या सुवर्ण होनाचे अस्सल नमुने अत्यल्प असल्यामुळे कोणत्याही अवस्थेतील होन मौल्यवान ठरेल, आणि त्यामुळेच त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत.

जमिनीत मिळालेल्या निधीसंबंधी १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक असून शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमान्वये खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत. निधी वाटून घेतला जातो, तेव्हा ठळक नाणी व्यापाऱ्याकडे व झिजलेली मुशीत जातात. कळविल्यास ती निदान मोजली, तोलली व एकत्र नोंदली जातात. नाशिकजवळच अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था असून ओळख न पटलेल्या नाण्याचे छायाचित्र, वजन, व्यास व प्राप्तिस्थान या चार गोष्टी घेऊन गेल्यास अभ्यासकास ते ओळखण्याची वाट सापडते. नाणे तसेच, न घासता, न्यावे.